नववी आलेली मुलगी कॉलेजच्या सरांना का हवी असते? धावपटू निवडीमागचं गणित

देवरूख : शालेय मैदानी स्पर्धांचे दिवस. पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली, मैदानावर फक्कीनं आखलेले पट्टे अर्धे वाहून गेलेले. मुलींची १५०० मीटरची शर्यत संपते. पहिल्या तिघींभोवती घोळका जमतो, फोटो निघतात, मोबाइलवरून निकाल गावाकडं जातो. त्याच वेळी मैदानाच्या कडेला उभे असलेले एखाद्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक नवव्या नंबरला आलेल्या मुलीची चौकशी करत असतात. शाळा कुठली, कितवीला आहे, वाडी कुठली, येते कशी. ती अनवाणी धावलेली असते, पहिल्या फेरीत सर्वांत मागं असते आणि शेवटच्या फेरीत तिनं चौघींना गाठलेलं असतं.

दहावी-बारावीनंतर एखाद्या मुलाचं किंवा मुलीचं धावणं सुरू राहणार की कायमचं थांबणार, हे ग्रामीण भागात अनेकदा अशा दोन मिनिटांच्या चौकशीवर ठरतं. पालकांना मात्र ही निवड नेमकी कशी होते, कॉलेज काय देऊ शकतं आणि काय देऊ शकत नाही, याची माहिती फारशी नसते. मग कुणी पहिल्याच शब्दावर भरवसा ठेवून मोकळं होतं, तर कुणी चांगली संधी हातची घालवतं. म्हणून ही सगळी प्रक्रिया समजून घ्यायला हवी.

आधी शिडी समजून घ्या

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. अकरावी-बारावीची मुलं साधारण १९ वर्षांखालच्या गटात मोडतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशा या पायऱ्या आहेत. क्रीडा खात्याच्या रचनेत रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. म्हणजे जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी विभागाला गेली की तिच्यासमोर कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सिंधुदुर्गच्या मुली असतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात साताऱ्याकडची मुलं किती कणखर असतात, हे सांगायला नको. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. त्यामुळं विभागात बाद झालेलं कोकणातलं मूल कच्चं असतं असं नाही. त्याची गाठ राज्यातल्या तगड्या पोरांशी पडलेली असते, एवढंच.

बारावीनंतर हे चित्र बदलतं. देवरूखचं आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय असो, रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर असो की चिपळूणचं डीबीजे, ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. कोल्हापूर, सांगली, सातारा हे जिल्हे शिवाजी विद्यापीठाकडं जातात. त्यामुळं कालपर्यंत विभागात ज्यांच्याशी झुंजावं लागत होतं, ती मुलं आता वेगळ्या विद्यापीठातून धावतात. इथल्या मुलांची स्पर्धा मुंबई, ठाणे, पालघर, रायगड आणि सिंधुदुर्गच्या कॉलेजांशी असते. ती सोपी नसते. मुंबईतल्या मुलांना सिंथेटिक ट्रॅक आणि रोजचे प्रशिक्षक मिळतात. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यातल्या मुलाला विद्यापीठाच्या संघाचं दार उघडायची शक्यता राहते. तिथून पुढं अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा असते. भारतीय विद्यापीठ महासंघाच्या या स्पर्धांत साधारण १७ ते २५ या वयाचे विद्यार्थी खेळू शकतात. शाळेत मागं राहिलेल्या मुलाला आणखी पाच-सहा वर्षं मिळतात ती इथं.

ही जिल्ह्यांची अदलाबदल बहुतेक पालकांच्या लक्षातच येत नाही. "विभागातच हरला, आता काय धावायचं?" असं म्हणून बूट माळ्यावर जातात.

सर नेमकं काय बघतात?

मोठ्या संस्था मुलं लहानपणीच उचलतात. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आणि लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या शाळकरी वयातच चाचण्या घेऊन निवड करतात. उंची, उडी, वेग सगळं मोजून. त्यामुळं पंधराव्या-सोळाव्या वर्षी गावाच्या मैदानावर उरतात ती एकतर कुणाच्या नजरेतून सुटलेली किंवा उशिरा वाढलेली मुलं. छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाला यांच्यातूनच निवडायचं असतं.

वेळेवर तो फारसा विसंबत नाही. हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेली १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रापेक्षा साधारण पाव सेकंदानं कमी दिसते, कारण बोट बंदुकीचा आवाज ऐकून दबतं. त्यात २०० मीटरचा मातीचा ट्रॅक, तोही टेपनं घाईघाईत मोजलेला. ८०० मीटरला चार फेऱ्या, आठ वळणं, मध्येच चिखल. अशा मैदानावरची वेळ दुसऱ्या मैदानाशी ताडून बघण्यात अर्थ नसतो. म्हणून अनुभवी डोळा दुसऱ्याच गोष्टी टिपतो.

पहिली गोष्ट शेवटचे २०० मीटर. सुरुवातीला जोशात पळून शेवटी चालायला लागणारी मुलं पुष्कळ असतात. जी मागून येऊन शेवटी वेग वाढवते, तिच्यात दम आहे आणि डोकंही.

दुसरी गोष्ट म्हणजे मागं सराव किती झालाय. समजा, दोघींनी ८०० मीटर पूर्ण केलं. एकीला २ मिनिटं ४२ सेकंद लागले आणि ती दोन वर्षं रोज सराव करते. दुसरीला २ मिनिटं ४८ सेकंद लागले आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच ८०० धावली. प्रशिक्षक दुसरीकडं जास्त लक्ष देईल. तिच्याकडं अजून खूप शिल्लक आहे.

तिसरी गोष्ट वाढ. चौदाव्या वर्षी मिशी फुटलेला मुलगा वर्गातल्या लहानखुऱ्या मुलाला सहज हरवतो. तीन वर्षांनी तो लहानखुराही वाढतो आणि अंतर मिटतं, कधी उलटंही होतं. ज्यांचा वाढदिवस वर्षाच्या सुरुवातीला येतो त्यांनाही त्या वयोगटात आयताच फायदा मिळतो. म्हणून १४ वर्षांखालच्या गटातली पदकं बघून कुणाचं भविष्य ठरवू नये.

चौथी गोष्ट घरापासून शाळेपर्यंतची वाट. आपल्या तालुक्यात कितीतरी मुलं रोज पाखाडी चढून-उतरून, सडा तुडवत शाळेत येतात. हा फुकटचा व्यायाम शहरात पैसे मोजूनही मिळत नाही. पाचवी गोष्ट दुसरा खेळ. रत्नागिरीत खो-खोची परंपरा मोठी आहे. खो-खोच्या मैदानावर चपळाईनं वळणारी, नऊ मिनिटं न थकता पाठलाग करणारी पोरगी ४०० मीटरला उतरवली तर काय होईल, हा विचार धावण्याचा प्रशिक्षक करतोच.

आणि सर्वांत साधी कसोटी म्हणजे बोलावल्यावर ती दुसऱ्या दिवशी सरावाला येते का.

नववा नंबर कामाचा कसा?

क्रॉसकंट्री शर्यतीत वैयक्तिक पदकाबरोबर संघाचाही निकाल लागतो. संघातल्या ठरलेल्या संख्येच्या धावपटूंचे क्रमांक मिळवतात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकतो. आता एखाद्या कॉलेजकडं पहिली येणारी एक मुलगी आहे, पण बाकीच्या ऐंशीव्या आणि नव्वदाव्या येतात. दुसऱ्या कॉलेजकडं पहिल्या दहात कुणीच नाही, पण सगळ्या पंधरा ते तीसच्या दरम्यान येतात. सांघिक पदक दुसऱ्या कॉलेजला मिळतं.

छोट्या कॉलेजला एखादा हिरा मिळेलच असं नाही. मिळाला तरी तो मुंबई-पुण्याच्या कॉलेजकडं जायची शक्यता जास्त. पण साधारण सारख्या दमाच्या पाच-सहा मुली एकत्र करणं त्याला जमू शकतं. एकमेकींच्या सोबतीनं त्या सुधारतातही, कारण एकटीनं पहाटे उठून धावणं आणि पाच जणींनी मिळून धावणं यात फार फरक आहे. कडेला उभे असलेले सर नववीचं नाव लिहून घेतात, ते या हिशेबानं.

गाठ शाळेच्या शिक्षकांकडूनच

आपल्याकडं यासाठी कुठली कंपनी नाही, नोंदणीची यादी नाही. कॉलेजचे सर आधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी बोलतात. मूल नियमित आहे का, घरची परिस्थिती काय, अभ्यासात कसं आहे, दुखापत झाली होती का, हे सगळं त्यांनाच ठाऊक असतं. छोट्या शाळांत क्रीडाशिक्षक वेगळा नसतो. गणिताचे किंवा मराठीचे सरच शिट्टी गळ्यात अडकवून मुलं घेऊन येतात. त्यांचा एक शब्द खूप मोलाचा असतो.

मुलं हेरण्याची जागा फक्त शालेय स्पर्धा नाही. डेरवणच्या क्रीडासंकुलात भरणाऱ्या डेरवण यूथ गेम्सला जिल्ह्याबाहेरूनही खेळाडू येतात. अॅथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धा शालेय स्पर्धांपासून वेगळ्या चालतात आणि त्यांचे वयोगटही १४, १६, १८, २० असे निराळे आहेत. शाळेच्या १७च्या गटात अडकलेल्या मुलाला तिथं वेगळी संधी मिळू शकते. गावोगावच्या मिनी मॅरेथॉनही प्रशिक्षक बघतात, पण जरा सावधपणे. बक्षिसाच्या पाकिटासाठी दर रविवारी डांबरी रस्त्यावर दहा-दहा किलोमीटर पळणारं पंधरा वर्षांचं पोर लवकर दुखापतीला लागतं. नडगी धरते, गुडघा बोलायला लागतो आणि ट्रॅकवर यायच्या आधीच ते संपतं.

वर्षाचं चक्रही ठरलेलं असतं. लावणी आटोपली, गणपती गेले की स्पर्धांचा जोर. दिवाळीनंतर जिल्हा-विभाग. जानेवारीपासून परीक्षेची धास्ती, मैदान ओस. शिमग्यात पालख्या. मे महिन्यात मुंबईकर चाकरमानी गावात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही घरात येतो : "हिला मुंबईला का पाठवत नाही?" जो प्रशिक्षक डिसेंबरात नाव लिहून घेऊन जूनपर्यंत गप्प राहतो, त्याच्या हाती काही लागत नाही. खरी निवड जानेवारी ते मे या काळात, घरी जाऊन होते.

घराच्या ओटीवरची बैठक

इथं सेकंदांचा हिशेब संपतो. आईचे प्रश्न वेगळे असतात. सराव किती वाजता सुटतो? शेवटची गाडी कितीला? पावसात काय? बाहेरगावी स्पर्धेला नेलं तर बरोबर बाई असतील का? वडिलांचा प्रश्न एकच असतो, धावून पुढं काय?

एसटीचं वेळापत्रक हा तालुक्यातल्या खेळाचा न लिहिलेला नियम आहे. वस्तीची गाडी पहाटे गावातून सुटते आणि मुलगी वेळेत देवरूखात पोचते. पण सकाळी सहाचा सराव असेल तर ती गाडीही उपयोगाची नाही. संध्याकाळचा सराव लांबला तर घराकडची गाडी चुकते. म्हणून शहाणा प्रशिक्षक आधी गाड्यांची वेळ विचारतो आणि मग सरावाची ठरवतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. बारावी झाली की ही सोय संपते आणि सवलतीच्या पासाला पैसे मोजावे लागतात. रक्कम मोठी नसेलही, पण घरात दोन-तीन शिकणारी मुलं असली की ती जाणवते. बारावीनंतर मुली मैदानावरून गायब होतात, त्याला अशी छोटी छोटी कारणंही असतात.

मुलींच्या बाबतीत तब्येतीचा प्रश्नही उघड बोलायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो. मग कितीही सराव करा, वेळ सुधारत नाही. "हिच्यात दम नाही" असं म्हणून जिला बाजूला काढलं, तिला कदाचित लोहाच्या गोळ्या आणि दोन घास जास्त हवे असतात. धावणाऱ्या मुलीची पाळी महिनोन् महिने थांबली तर ते चांगल्या सरावाचं लक्षण समजू नये. अन्न कमी पडतंय याची ती खूण असू शकते, आणि त्यासाठी डॉक्टरांकडं जायला हवं. हे बोलू शकणारी एखादी शिक्षिका संघाबरोबर असेल, तर मुली टिकतात.

कॉलेज काय देऊ शकतं?

अमेरिकेतही छोट्या कॉलेजांची अवस्था फार वेगळी नाही. तिथं कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत चारशेहून अधिक कॉलेजं आहेत आणि त्यांना खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला नियमानंच मनाई आहे. तिथला प्रशिक्षकही मग शिक्षण, संघातली जागा आणि वैयक्तिक लक्ष यांच्या जोरावरच मुलांना बोलावतो. फरक एवढाच की तिकडं कुणी कुणाशी कधी संपर्क साधायचा याचे नियम आहेत. आपल्याकडं सगळा मामला तोंडी.

आपल्या ग्रामीण कॉलेजकडं पैसा मर्यादित असतो. जिमखान्याच्या निधीतून स्पर्धेचा प्रवास, जेवण आणि कपडे निघतात. कुठं फीमध्ये सवलत मिळते, कुठं वसतिगृहात जागा, कुठं संस्थेचे हितचिंतक बुटांचे पैसे भरतात. हे कॉलेजगणिक आणि वर्षागणिक बदलतं.

प्रवेशाचं म्हणाल, तर अकरावीला "सरांनी सांगितलंय" म्हणून आता जागा मिळत नाही. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं होऊ लागले आहेत. कॉलेजचं नाव पसंतीक्रमात भरावंच लागतं. खेळाडूंसाठी समांतर आरक्षण आहे, पण त्याला कोणत्या स्तरावरची कामगिरी आणि कोणतं प्रमाणपत्र लागतं, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्यावं. एखादे सर "फक्त या, बाकी मी बघतो" म्हणाले, तरी अर्ज वेळेत भरायची जबाबदारी घरच्यांचीच.

गुणांची सवलत हा मोठा आधार आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना स्पर्धेचा स्तर आणि कामगिरी पाहून कमाल २५ वाढीव गुण मिळू शकतात. त्यासाठी शाळेमार्फत प्रस्ताव जावा लागतो आणि त्याला मुदत असते. प्रमाणपत्र घरात फ्रेम करून लावलं आणि प्रस्ताव गेलाच नाही, तर गुण मिळत नाहीत.

नोकरीतलं ५ टक्के आरक्षण हा तर सगळ्यांच्या तोंडी असलेला विषय. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ते आहे, हे खरं. पण तालुका किंवा जिल्ह्याच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही. कोणत्या पदाला कोणत्या दर्जाची कामगिरी लागते ते ठरलेलं आहे आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. "धावला की नोकरी पक्की" असं जो सांगेल, त्याला कुठल्या पदासाठी आणि कुठल्या प्रमाणपत्रावर, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

भरतीची अकादमी की कॉलेजचा संघ?

ग्रामीण कॉलेजच्या प्रशिक्षकाचा खरा स्पर्धक अनेकदा दुसरं कॉलेज नसतं, भरतीची अकादमी असते. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक. अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण केलं, तर त्या धावेचे पूर्ण ६० गुण मिळतात. घरी कमावता माणूस हवा असेल तर ही वाट निवडण्यात गैर काहीच नाही. किंबहुना लष्करात जाऊनच काहींचं धावणं फुलतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेसकडं तो तिथंच वळला आणि २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक जिंकलं.

पण दोन्ही वाटा एकमेकींच्या आड येतात असं समजायचं कारण नाही. कॉलेजच्या संघात १५०० मीटर नीट धावणाऱ्या मुलाला १६०० मीटरची चाचणी जड जात नाही. शिवाय भरतीत यश आलं नाही, तर हातात पदवी राहते. शिक्षण सोडून दोन-तीन वर्षं नुसत्या अकादमीत काढली आणि उंचीत किंवा लेखी परीक्षेत अडकलं, तर त्या मुलाकडं काहीच उरत नाही. ताकदीच्या नावाखाली कुणी गोळ्या-इंजेक्शनं देत असेल, तर तिथून लगेच बाहेर पडावं. उत्तेजक चाचणीत सापडलं तर बंदी येते आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. तब्येतीची हानी होते ती वेगळीच.

मोठं कॉलेज की जवळचं?

मूल खरोखर चमकलं तर मोठ्या शहराचं बोलावणं येतं. जावं का? याला एकच उत्तर नाही. नाशिकचं उदाहरण बोलकं आहे. सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यातून आलेली कविता राऊत प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली नाशिकलाच घडली आणि २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. त्याच नाशिकची संजीवनी जाधव २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटरची रौप्यपदक विजेती ठरली. दोघींच्या मागं मुंबईचं कुठलं नामांकित कॉलेज नव्हतं. वर्षानुवर्षं एका जागी राहून शिकवणारा प्रशिक्षक होता.

मोठ्या कॉलेजात ट्रॅक चांगला, फिजिओ असतो, स्पर्धा जास्त. पण तिथं तुमचं मूल वीस जणांतलं एक असतं. एक हंगाम दुखापतीत गेला की विसरलं जातं. जागेचं भाडं, लोकलचा प्रवास आणि खाणावळीचं जेवण यात सराव कुठं बसतो, तेही बघायला हवं. जवळच्या कॉलेजात सोयी कमी, पण सर घर ओळखतात, परीक्षेच्या वेळी सराव कमी करतात आणि आजारी पडलं तर घरी फोन येतो. पहिली दोन वर्षं जवळ राहून पाया घालायचा आणि पदवीच्या वेळी पुढचा विचार करायचा, हा मधला मार्ग अनेकांना सोयीचा पडतो. नुसत्या नावासाठी हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं मात्र महागात पडतं.

उलट, मूल खरंच पुढं जाण्याच्या लायकीचं असेल तर त्याला अडवून धरणं हाही अन्यायच. चांगला प्रशिक्षक स्वतःच सांगतो, आता हिला माझ्यापेक्षा मोठ्या मैदानाची गरज आहे.

होकार देण्याआधी विचारा

कॉलेजचे सर घरी आले तर चहा द्या आणि हे प्रश्नही विचारा :

१. सराव आठवड्यातून किती दिवस, किती वाजता आणि कोण घेतं? सर स्वतः मैदानावर असतात की जुनी मुलं सराव घेतात?

२. घराकडं जाणारी शेवटची गाडी चुकणार नाही ना? चुकली तर काय सोय?

३. फीची सवलत, वसतिगृह, बूट, प्रवासखर्च यातलं नक्की काय मिळणार? एक वर्ष की पूर्ण शिक्षण होईपर्यंत? कॉलेजच्या कागदावर लिहून मिळेल का?

४. दुखापत झाली तर खर्च कोण करतं आणि सवलत सुरू राहते का?

५. मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी शिक्षिका असतात का?

६. मागच्या तीन वर्षांत संघात आलेली मुलं आज कुठं आहेत? किती जणांनी शिक्षण पूर्ण केलं?

७. परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी आल्या तर कॉलेज काय करतं?

यातला सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भिंतीवरच्या ढाली कुणीही दाखवेल. मुलं टिकली का, हे मात्र त्याच मुलांना विचारून कळतं. एखाद्या संध्याकाळी न सांगता मैदानावर जाऊन बसावं. सर मुलांशी कसे बोलतात, शेवटी आलेल्याला काय म्हणतात, ते अर्ध्या तासात समजतं.

आणि एक काम आजच करण्यासारखं. एक साधी फाइल घ्यावी. जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचा बोनाफाइड, प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि त्याची झेरॉक्स, सगळं तारखेप्रमाणं लावून ठेवावं. सगळ्या कागदांवर जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते तपासावं. वय लपवून खालच्या गटात खेळवण्याचा मोह कुणी दाखवला तर नकार द्यावा. वयाच्या तपासणीत पकडलं गेलं तर आधीची खरी मेहनतही वाया जाते.

नवव्या नंबरला आलेल्या त्या मुलीकडं अशी फाइल बहुधा नसते. तिचं नाव सरांच्या वहीत असतं आणि तिला ते माहीतही नसतं. ती चपला हातात घेऊन गाडी पकडायला एसटी स्टँडकडं निघालेली असते. तिच्या शाळेतल्या शिक्षकांनी तिच्या घरी हा निरोप पोचवला, तर पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा मैदानावर दिसेल.